सुताचा फरक

१

दुपारचे तीन वाजले की पेंटर मास्तरांच्या दुकानात यायचा. इतक्या नेमाने, की समोरचा घड्याळजी त्याच्याकडे बघून आपली घड्याळं लावतो असं गल्लीत गमतीने म्हणत. आत येऊन तो इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसायचा. मास्तर मशीनचं पायडल न थांबवता म्हणायचे, "आलास? मला वाटलं, आज तरी सुटका झाली."

"तुझी सुटका एकदमच होणार मास्तर. चार खांद्यांवरून."

खांद्याचं नाव निघालं की मास्तर मान खाली घालून टाके बघायला लागत. त्याला कारण होतं.

मास्तर शिंपी. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा. चाळीस वर्षं त्याने डाव्या खांद्यावरून शिडी वाहिली, आणि त्या शिडीने त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली उतरवला. हे जगात एकट्या मास्तरांनाच ठाऊक होतं. पेंटरच्या प्रत्येक कपड्यात ते डाव्या खांद्याच्या आत कापसाची अर्ध्या इंचाची घडी घालून शिवत, वरून कुणाला दिसू नये अशी. पेंटरला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. माणसाला आपण वाकडे आहोत हे कशाला कळायला हवं? शिंप्याला कळलं म्हणजे पुरे.

पेंटर म्हणायचा, "तुझ्या हाताचा कपडा अंगात घातला की मी एकदम साहेब दिसतो. दुसऱ्याचा घातला की उधार आणल्यासारखा."

"तुझं अंगच तसं आहे," मास्तर म्हणायचे, आणि विषय संपायचा.

फ्लेक्स आले, पेंटरचं काम गेलं. पण हाताची सवय गेली नाही. साधी चिठ्ठी लिहायची तरी तो आधी वरची आडवी रेघ ओढायचा, शब्दाशब्दाला तोडून, आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवायचा. सगळं जग आधी अक्षरं काढतं आणि शेवटी रेघ मारतं. पेंटरचं उलटं. मास्तरांनी एकदा चिडवलं तर म्हणाला, "आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे. हवेत कपडे वाळत घालणारा बघितलायस का कुठे?"

भिंतीवर सरळ रेघ हवी असली की तो दोऱ्याला निळा खडू चोळायचा, दोरा ताणून धरायचा आणि टिचकी मारल्यासारखा सोडायचा. सूत मारणं म्हणतात त्याला. "तुझंही पोट सुतावर, माझंही सुतावर," तो म्हणायचा. "फरक एवढाच, माझं सूत काम झाल्यावर पुसून टाकतात."

वहिनी, म्हणजे पेंटरची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत तो एकटा. तेव्हापासून दोघांत एक ठरलं होतं. रोज सकाळी सातला पेंटर आपल्या घरच्या जुन्या फोनवरून मास्तरांच्या मोबाइलवर एक घंटी वाजवायचा आणि ठेवून द्यायचा. उचलायचं नाही, बोलायचं नाही. घंटीचा अर्थ एवढाच, की मी आहे. मास्तर फोनकडे बघून म्हणायचे, "राहा बाबा," आणि दाढीचं पाणी गरम करायला ठेवायचे.

तर असे हे दोघे, आणि त्यांनी ठरवलं शहरात जायचं. दोनच दिवस, शनिवार–रविवार. पंचविशीत पेंटरने शहरातल्या एका छत्र्यांच्या दुकानाची पाटी रंगवली होती, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पूर्ण धुकं व्हायच्या आत ती पाटी एकदा बघायची, असेल तर. महिनाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. एका पुठ्ठ्यावर पेंटरने आधी सगळ्या रेघा ओढल्या आणि मग एकेक कलम लटकवलं. बस म्हाताऱ्यांना अर्ध्या तिकिटात. खोली मागच्या गल्लीतली, न्हाणीघर सगळ्यांत एक. पहिल्या दिवसाचं जेवण घरच्या डब्यातलं. बाग फुकट, नदीचा घाट फुकट, माणसं बघणं फुकट.

"श्रीमंत लोक काय वेगळं बघतात?" पेंटर म्हणाला. "तेच बघतात, फक्त गॉगल लावून."

मास्तरांनी या प्रवासासाठी त्याला नवा कोट शिवला. राखी रंगाचा. डाव्या खांद्यात नेहमीची घडी, आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्याचा एक टाका. आपल्या माणसाच्या कपड्यात ते असा एक टाका घालत, उगीच. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तो स्वतः नेऊन दिला.

"घालून तरी बघ," ते म्हणाले.

"आत्ता नाही. उद्या स्टँडवर बघशील. नवरदेवाला आधी बघायचं नसतं."

"नवरीला रे."

"तू कुठला मला नवरी दाखवतोयस!"

२

शनिवारी सात वाजून गेले आणि घंटी वाजली नाही.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, आज पेंटरकाकांचा फोन नाही वाजला."

"कशाला वाजवेल? तासाभरात समोरासमोर भेटतोय. 'मी आहे' हे आता तोंडाने सांगेल."

"तरी तुम्ही एकदा लावून बघा ना."

"निघालाही असेल तो. रिकाम्या घरात घंटी वाजवून कुणाला उठवू?"

डब्याचं झाकण सुनेने जरा जोरातच लावलं.

मास्तर स्टँडवर पोचले तेव्हा पेंटर आधीच बाकावर बसलेला होता. पाठमोरा, राखी कोटात, हात मांडीवर. मास्तरांनी लांबूनच कोट बघितला आणि त्यांचे पाय जागच्या जागी थांबले.

डावा खांदा वर आला होता. कापडाखाली कुणी मूठ सरकवली असावी तसा. कॉलर एका बाजूला ओढली गेली होती आणि पाठीवर तिरपी चुणी पडली होती.

पन्नास वर्षांत असं काम मास्तरांच्या हातून झालं नव्हतं. चुकून दोन घड्या घातल्या की काय? हात गेला आपला. डोळे पेंटरचे जातायत आणि हात आपला.

"आलास?" पेंटर वळून म्हणाला. चेहरा तोच, हसणंही तेच.

"तुझी पिशवी कुठाय?"

"दोन दिवसांसाठी कशाला पिशवी?"

पुठ्ठ्यावर पिशवीत काय काय घ्यायचं त्याची नऊ कलमं लिहिली होती या माणसाने. आठवं कलम निळा खडू आणि दोरा, नववं कानात घालायचा कापूस, कारण मास्तर घोरतात. पण बस लागली, माणसं धावली, आणि पिशवीची गोष्ट राहून गेली.

बसमध्ये पेंटर खिडकीशी बसला. धूळ झटकायच्या निमित्ताने मास्तरांनी त्याचा डावा खांदा चाचपला. घडी एकच होती. अर्ध्या इंचाची, नेहमीची. कॉलर सारखी केल्यासारखं करून त्यांनी आत बघितलं. लाल टाका जागेवर होता. कोट त्यांचाच होता आणि कोटात चूक नव्हती.

मग त्यांनी उजव्या खांद्यावर हात ठेवला, मित्राने मित्राच्या ठेवावा तसा, आणि एका हाताच्या बोटांनी या खांद्याचं हाड आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या खांद्याचं हाड हळूच जोखलं. दोन्ही खांदे एका पातळीत होते. कपडे टांगायच्या हँगरसारखे.

मास्तरांनी हात काढून घेतले. 'बसची सीट वाकडी असेल,' ते स्वतःशी म्हणाले.

३

खोलीचा मालक जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला, गप्पिष्ट माणूस होता. त्याने वही पुढे सरकवली. "दोघांपैकी ज्याचं अक्षर वाचता येतं त्याने लिहा. परवा एका डॉक्टरने लिहिलं, अजून त्याचं नाव लागत नाहीये."

"मग हा लिहील," मास्तर अभिमानाने म्हणाले. "याच्या अक्षरावर दुकानं चालली."

पेंटरने पेन घेतलं आणि नाव लिहिलं. एक अक्षर काढलं, त्याच्यापुढे दुसरं, मग तिसरं. सगळी झाली आणि शेवटी त्याने वरून एक आडवी रेघ मारली, डावीकडून उजवीकडे, एका दमात.

मास्तर त्या रेघेकडे बघतच राहिले.

सगळं जग असंच लिहितं. तुम्ही, मी, हा मालक, तो डॉक्टर. यात घाबरण्यासारखं काय आहे? पण मास्तरांच्या मानेवरचे केस उभे राहिले. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. ब्रश नाही, पेन आहे. भिंत नाही, वही आहे. बसचा शीण आहे. एखादे वेळी माणूस डाव्या हाताने पाणी पितो, म्हणून काय तो बदलला? सुतावरून स्वर्ग गाठू नये.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खाटा, एक खुर्ची, भिंतीत एक खुंटी. खिडकी मागच्या गल्लीतल्या पत्र्यांवर उघडायची. दाराचा वरचा अर्धा भाग दुधी काचेचा. भिंतींना नुकताच फिका पिवळा रंग दिलेला, त्याचा वास अजून हवेत होता.

खाटांच्या समोरच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, एक निळी रेघ होती.

सरळ. इतकी सरळ की हाताने ओढलेली नसणार. मास्तर जवळ गेले. रेघ सलग नव्हती, तिचे चार तुकडे होते. एक बेताचा, एक अगदी आखूड, एक लांब, आणि शेवटी पुन्हा एक आखूड. त्यांनी बोट लावलं. बोटाला निळी भुकटी लागली.

"अरे, हे बघ," ते म्हणाले. "तुझ्या धंद्यातला कुणीतरी येऊन गेलाय. सूत मारलंय. चार शब्दांचं."

पेंटर खाटेवर बसला होता. जाता येता रस्त्यातल्या प्रत्येक पाटीला नावं ठेवणारा हा माणूस, पण त्याने भिंतीकडे मानही वळवली नाही.

"असेल कसली तरी रेघ," तो म्हणाला. "चल, बाहेर जाऊ."

"जरा पाठ टेकतो ना."

"बाहेर जाऊ," पेंटर म्हणाला. आवाज चढवला नव्हता. पण तो बोलता बोलता उठला आणि भिंत आणि मास्तर यांच्या मधे येऊन उभा राहिला.

४

छत्र्यांचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. आणि पाटी होती!

उन्हाने लाल रंगाचा विटकरी झाला होता, कोपऱ्यातलं पत्र्याचं टोक वाकलं होतं, पण अक्षरं अजून ताठ उभी होती. 'छत्री'मधल्या छचं शेपूट पेंटरने छत्रीच्या मुठीसारखं वळवलं होतं. ही गोष्ट मास्तरांनी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि बाहीने डोळे पुसले.

दुकानातली बाई बाहेर आली. "पाटी बघताय? आमच्या सासऱ्यांनी करून घेतली होती. फ्लेक्सवाले दर वर्षी येतात, म्हणतात काढू या. मी म्हणते, आधी मला काढा, मग पाटी काढा."

"ऐकलंस का?" मास्तरांनी पेंटरचा दंड धरला. "ऐकलंस का रे?"

पेंटरने आधी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांचे ओले डोळे नीट न्याहाळले. मग पाटीकडे बघितलं, आणि मास्तरांसारखेच डोळे बारीक करून, मास्तरांसारखीच मान हलवून म्हणाला, "छान आहे. कुणी लिहिली?"

बाई हसली. मास्तरही हसले, पण जरा उशिरा. मस्करी करतोय. जन्मभर मस्करीच केली याने. आता बाईला सांगेल की मीच तो, आणि बाई तोंडावर हात ठेवेल. मास्तर वाट बघत राहिले. पेंटरची नजर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांवर होती. एकेकाच्या चालण्याकडे तो बारकाईने बघत होता.

पुढच्या चौकात टपरीच्या बाकावर दोघं चहाला बसले. मास्तरांना वाटलं, हा रागावलाय. कोट नीट बसला नाही म्हणून रागावलाय, आणि बोलून दाखवत नाही. महिनाभर ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आपल्या एका कोटाने नासला. त्यांना राहवलं नाही. इतकी वर्षं जपलेली गोष्ट त्या बाकावर त्यांनी सांगून टाकली.

"हे बघ, कोटाचा राग धरू नकोस. चूक माझी नाही आणि तुझीही नाही. तुझा डावा खांदा उतरलेला आहे. शिडीने. तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही. आत घडी घालत आलो. आज तो कसा काय सरळ झालाय कोण जाणे. व्यायाम वगैरे करतोस की काय चोरून?"

पेंटरने कप खाली ठेवला.

"डावा?" तो म्हणाला.

"हो."

"किती?"

"अर्धा इंच."

"डावा. अर्धा इंच," पेंटरने हळूच म्हटलं. पाहुण्याने घराचा पत्ता पाठ करावा तसं त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

त्याच्या कपातला चहा काठोकाठ होता. वर साय धरली होती.

५

चार वाजता ते परतले. ऊन अजून चांगलं कडक होतं. जिन्याच्या तोंडाशी पेंटर म्हणाला, "तू हो पुढे. मी तुझ्यासाठी चहा घेऊन येतो."

"आत्ताच तर झाला."

"तुला चहा आवडतो," पेंटर म्हणाला, आणि निघून गेला.

मास्तरांनी खोलीचं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं, आणि उंबऱ्यावरच थबकले.

भिंतीवरच्या पहिल्या दोन तुकड्यांखाली अक्षरं लटकली होती. निळ्या खडूची, जाड, बसक्या पोटाची. अशा पोटाचा म त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या हातचा बघितला होता.

मास्तर मी

पुढचे दोन तुकडे अजून रिकामेच होते.

मास्तरांनी दार लावून घेतलं आणि का कुणास ठाऊक, कडीही घातली. ते खाटेवर बसले. डोकं चालवू या, असं त्यांनी ठरवलं. कुलूप लावून गेलो होतो. मालकाकडे दुसरी किल्ली असेल. पण मालकाला काय ठाऊक, मला मास्तर म्हणतात ते? वहीत नाव एकट्या पेंटरचं. मग पेंटरने लिहिलं? तो तर दिवसभर माझ्या हाताशी होता. आणि याने लिहिलं असतं तर...

याने लिहिलं असतं तर आधी अक्षरं आली असती आणि मग रेघ. इथे रेघ सकाळपासून आहे.

तेव्हा कुठे त्यांना सातची घंटी आठवली. न वाजलेली.

त्यांनी मोबाइल काढला आणि पेंटरच्या घरचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. दहा, अकरा, बारा. 'वाजणारच,' ते मोठ्याने म्हणाले. 'घरी कोण आहे? तो तर इथे आहे.' आणि हे बोलताना आपल्याच आवाजाची त्यांना भीती वाटली.

पेंटरच्या शेजारी एक नर्सबाई राहायची. तिच्याकडे त्याची दुसरी किल्ली असे. सुनेने तिचा नंबर फोनमध्ये घालून ठेवला होता. मास्तरांनी तो लावला.

"बाई, मी शिंपी बोलतोय. पेंटरचा मित्र. जरा त्याचं दार उघडून बघता?"

"अहो, ते तर तुमच्याबरोबर गेलेत ना? आठवडाभर आमचं डोकं खाल्लंय, शहरात चाललो, शहरात चाललो म्हणून."

"हो. माझ्याबरोबरच आहे. तरी बघा."

"म्हणजे?"

"बाई, हात जोडतो. बघा."

फोनमधून किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला, मग चपलांचा आवाज. मास्तर फोन कानाला धरून खिडकीशी गेले. खालच्या पत्र्यांवर ऊन लखलखत होतं. कुणीतरी चादर झटकत होतं. इतकं साधं सगळं. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर काहीतरी घासलं, खडू घासावा तसं, हलकंच. कर्र. कर्र. त्यांना मागे वळायचा धीर होईना.

"दार सरकत नाहीये," नर्सबाई म्हणाली. "आतून काहीतरी अडकलंय. थांबा... अगं आई गं!"

मास्तर वळले.

मास्तर मी निघालोच नाही

६

"बाई! बोला!"

"पडलेत. दाराशीच पडलेत. पिशवी हातात आहे तशीच. थांबा, नाडी बघते." फोन कुठेतरी आपटला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या तोंडात एकच शब्द होता, 'राहा, राहा, राहा.' मग तिचा आवाज पुन्हा आला, आता कामावरचा, पक्का. "आहे. जीव आहे. एक बाजू गेलीय असं वाटतंय. सकाळीच पडलेत हे, निघता निघता. मी गाडी बोलावते. पण तुम्ही म्हणालात ना, ते तुमच्याबरोबर..."

"अंगात काय आहे त्याच्या?"

"काय?"

"कपडे, बाई. अंगात काय घातलंय?"

"कोट. राखी. नवा दिसतोय."

"कॉलरच्या आत बघा. लाल टाका आहे?"

फोनमध्ये कापड सरकल्याचा आवाज आला.

"आहे," ती म्हणाली. "आणि बोटं सगळी निळी झालीत त्यांची. फरशीवर खडूने रेघ मारलीय, मोडकी मोडकी. खाली काहीतरी लिहिलंय... मास्तर... तुमचंच नाव आहे हो. मास्तर, मी..."

"कळलं," मास्तर म्हणाले. "मला पोचलंय ते."

"ते ओठ हलवतायत. घंटी, घंटी, असं काहीतरी म्हणतायत."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एका घंटीचा तर प्रश्न होता. सून म्हणाली होती. फोन उचलायचा आणि लावायचा, एवढंच तर होतं.

"त्याच्या कानात सांगा," ते म्हणाले. "म्हणावं, घंटी ऐकली मी. म्हणावं, मास्तर निघालाय. तू नाही निघालास तरी चालेल, मी निघालोय. सांगाल ना?"

"सांगते. या तुम्ही. लवकर या."

फोन बंद झाला. मास्तरांनी खुर्चीवरचा डबा उचलला, परत ठेवला, चपला शोधल्या. दोन जिने उतरायचे, स्टँड गाठायचा, तीन तासांची बस. रात्र पडायच्या आत त्याच्या उशाशी बसायचं. ते दाराकडे वळले आणि कडीवर हात ठेवला.

जिन्यात पावलं वाजत होती.

बेताची, न थकणारी पावलं. दोन मजले चढूनही दम न लागलेली. खालच्या मजल्यावर मालक कुणाला तरी म्हणाला, "अरे वा, मित्राची सेवा चाललीय!" आणि पेंटरच्या आवाजात कुणीतरी हसलं.

पावलं दाराशी थांबली. कपबशीचा किणकिण आवाज झाला. दुधी काचेवर एक आकृती आली, डोकं, मान, आणि दोन्ही बाजूंना सरळ, सपाट, हँगरसारखे खांदे. डाव्या बाजूला कापडाचा उंचवटा तेवढा दिसत होता.

"मास्तर," बाहेरून आवाज आला. "कडी का लावलीस?"

मास्तरांचा कडीवरचा हात तिथेच राहिला. या खोलीला दुसरं दार नव्हतं.

"उघड ना. चहा थंड होतोय."

पलीकडे थोडा वेळ काहीच हललं नाही. श्वासही ऐकू येत नव्हता. मग त्या आकृतीने मान जराशी तिरकी केली, अवघड काम करण्याआधी माणूस करतो तशी.

"बरं, थांब," ती म्हणाली. "डावा ना?"

आणि काचेपलीकडे, हाडावरून हाड सरकल्याचा बारीक आवाज होत, डावा खांदा खाली यायला लागला. सावकाश. मास्तर मापं घेताना जसे थांबत थांबत टेप सरकवत, तसा तो थांबत थांबत उतरला. कॉलर सरळ झाली. उंचवटा बसला. कापड दोन्ही बाजूंना सारखं पडलं.

"आता बघ," पेंटरचा आवाज म्हणाला. "आता बसला की नाही बरोबर?"

मास्तरांनी बघितलं. पन्नास वर्षांची नजर होती त्यांची, मिटायचं म्हटलं तरी मिटेना.

अर्धा इंच. नेमका अर्धा इंच. सुताचाही फरक नव्हता.